बैठक नको

फोन आला तेव्हा तिच्या एका हातात पत्रा कापायची कात्री होती आणि दुसऱ्या हातात तेलाच्या डब्याचं अर्धं कापलेलं झाकण, म्हणून तिने फोन टेबलावर ठेवूनच घेतला, आणि कलादालनाच्या बाईंचा आवाज साऱ्या खोलीभर झाला. "अगं, दहा शिल्पं आली. सगळी नीट आली, एक टवकासुद्धा उडालेला नाही. पण अकरावं कुठंय?" "कुठलं अकरावं?" तिने विचारलं. "असं काय करतेस! तुझ्या आईच्या यादीतलं. पुस्तिकेत छापून आलंय. परवा प्रदर्शनाचं उद्घाटन, आणि खिडकीखालची पंधरा फूट जागा मी त्याच्यासाठी मोकळी ठेवलीय. आता तिथे काय मी स्वतः आडवी होऊ?" बाई आपल्याच बोलण्यावर हसल्या. पंधरा फूट. तो आकडा ओळखीचा होता, पण कशाचा हे आठवायच्या आत तिने तो परत दाबून बसवला. "यादीत काय लिहिलंय?" "थांब हं, चष्मा घेते. हां. अकरा. नाव नाही दिलेलं. 'लाकूड आणि पाणी. पंधरा फूट. नऊ वर्षं. फोटो काढू नये. बैठक नको.' तुझ्या आईचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, पण एवढं स्वच्छ लागतंय. बैठक नको म्हणून तर मी तुला दहाच सांगितल्या होत्या ना." तिने कात्री खाली ठेवली. हात आपोआप एप्रनच्या खिशात गेला, गेले चार महिने जात होता तसा, आणि खिशातल्या लाकडाच्या लहानशा तुकड्यावर अंगठा फिरू लागला. "दुपारी येते," ती म्हणाली. "काय असेल ते येऊन सांगते."

बैठक म्हणजे शिल्पाच्या खाली असतो तो ठोकळा. आईच्या प्रत्येक कामाची बैठक वयाच्या चौदाव्या वर्षापासून तिने केली होती. सुरुवातीला हौसेने, मग सवयीने, आणि गेल्या काही वर्षांत दात आवळून. आईचं काम लाकडातलं, पण विकत घेतलेल्या लाकडातलं एकही नाही. पाडलेल्या शाळांच्या चौकटी, बुडालेल्या होड्यांच्या फळ्या, रस्ता रुंद करताना आडवी झालेली झाडं. इमारती पाडणारे मजूर तिला ओळखायचे आणि एखादा वासा चांगला निघाला की बाजूला काढून ठेवायचे. लोक ह्याला टाकाऊतून कला म्हणायचे तेव्हा आई भडकायची. "टाकाऊ काय? तुम्ही टाकलंत म्हणून टाकाऊ?" आणलेलं लाकूड ती मागच्या अंगणात उघड्यावर ठेवून द्यायची. एक पावसाळा, दोन, कधी पाच. ऊन, पाणी, मुंग्या, शेवाळ यांना त्यांचा वाटा करू द्यायचा आणि मग आपण हात घालायचा. वय वाढत गेलं तसा आईचा हात कमी कमी फिरत गेला आणि पावसाचा जास्त. शेवटच्या काही कामांवर पटाशीच्या दहा-बारा खुणा सापडल्या तर नशीब. त्यामुळे अंगणात काय कच्चा माल आहे आणि काय पुरं झालेलं काम, हे बाहेरच्या माणसाला सांगता आलं नसतं, आणि म्हणून घरात एक नियम होता. काम पुरं झालं की आई त्यावर कुठेतरी मेणाचा एक ठिपका लावून त्यात अंगठा दाबायची. मेण लागलं म्हणजे संपलं. त्याला कुणी हात लावायचा नाही. ज्याला मेण नाही ते सगळं लाकूड, कुणीही घ्यावं, कापावं. इतका साधा नियम. पाच वर्षांच्या मुलालाही पाळता आला असता, आणि पाच वर्षांची असताना तिने तो पाळला होता.

बाबांकडे जाणाऱ्या बसमध्ये खिडकीशी बसून तिने मनातल्या मनात ते मागचं अंगण पुन्हा उभं केलं. डावीकडे पाण्याची टाकी. तिच्यामागे फळ्यांची थप्पी. भिंतीला लागून, छपराच्या पन्हळीखाली, दोन दगडांवर आडवी ठेवलेली ती लांबलचक तुळई. कुठल्या तरी गोदामाची. पन्हळीला एके ठिकाणी भोक होतं आणि तिथून पाण्याची धार बरोबर तुळईवर पडायची. पन्हळ दुरुस्त करा असं ती किती वर्षं सांगत होती. तुळईवर एका ओळीत खळगे पडले होते, हातभर अंतरावर एक, ओंजळीएवढे, एका टोकाचे खोल आणि काळे, दुसऱ्या टोकाचे उथळ. तिला ते लाकूड कुजल्यासारखं दिसलं होतं. निदान ती स्वतःला तसं सांगत आली होती. आई जाऊन तीन आठवडे झाले होते, दालनाच्या बाईंचा फोन आला होता की छायाचित्रं काढायचीत, दहा बैठका आठ दिवसांत लागतील, आणि घरात दुसरं एकही जाड, सुकलेलं, एकाच रंगाचं लाकूड नव्हतं. तिने खळगे मोजले. नऊ. म्हणजे मध्ये आणि टोकांना मिळून चांगल्या लाकडाचे दहा भाग. दहाच हवे होते. हिशेब इतका चपखल बसला की तिला तो कौलच वाटला. कुजलेले नऊ तुकडे कापून बाजूला काढायचे, चांगले दहा ठेवायचे. दोन दिवस ती करवत चालवत होती. तिसऱ्या दिवशी तिने ते नऊ तुकडे आणि सगळा भुसा जुन्या पिंपात घालून पेटवून दिला. ओलं लाकूड, नुसताच धूर झाला. पेटता पेटेना. तिने तीनदा रॉकेल ओतलं.

बाबा व्हरांड्यात शब्दकोडं सोडवत बसले होते. आयुष्यभर घरोघर हिंडून पाण्याचे मीटर वाचलेला माणूस. निवृत्त झाल्यावर आता चौकटी भरत होता. "ये खुंटे," ते मान वर न करता म्हणाले. लहानपणी आईच्या हाताखाली उभी राहून ती लाकडी खुंट्या धरायची, तेव्हापासूनचं हे नाव. "पाच अक्षरी शब्द सांग. 'काठावरून परत आलेला.' दुसरं अक्षर 'र'." "बाबा, मागे भिंतीपाशी ती तुळई होती ना." "होती." "ते आईचं काम होतं?" बाबांनी आता मान वर केली. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. "म्हणजे काय? कापलीस ना तू ती?" "तेच विचारतेय. तुम्हाला माहीत होतं?" "माहीत होतं म्हणजे? नऊ वर्षं ढकललीय मी ती. दरवर्षी पाऊस संपला की हातभर पुढे. खाली नळाचे दोन तुकडे घालायचे आणि ढकलायचं. आणि ही उभी डोक्यावर, हळू, हळू, पाणी सांडेल. त्या खळग्यात घोटभर पाणी असायचं गं, ते सांडता कामा नये! माझी कंबर गेली त्याच्यात. मी म्हटलं, अगं, हे पाणी ओतून दे, ढकलू, मग परत भर तांब्याने. तर म्हणे, ते चालणार नाही, ते ह्या वर्षीचं आहे."

ती पायरीवर बसली. समोर टाकीची सावली जमिनीवर पडली होती आणि भिंतीच्या कडेला ते दोन दगड अजून होते, मधली जागा मोकळी. पन्हळीच्या भोकाखाली आता मातीत एक खड्डा पडला होता. "मग मी कापत होते तेव्हा बोलला का नाहीत?" "मी?" बाबांना खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं. "तुमच्या कामात मी कधी बोललोय? एकदा बोललो होतो, वाळवीवर औषध मारू का म्हणून, तर दोघींनी माझ्याकडे असं पाहिलंत की मी जेवण हातात घेऊन शेजारी गेलो." "बाबा." "मला वाटलं, तुमचं दोघींचं ठरलं असेल. शेवटी शेवटी दवाखान्यात तुम्ही दोघीच असायच्यात." "दोन दिवस करवतीचा आवाज ऐकत बसलात." "ऐकला ना." त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली. "मला वाटलं, आता ही नाही तर ते पुढे सरकवणार कोण, पाणी धरणार कोण, म्हणून तू ते मोडतेयस. खरं सांगू? मला बरंच वाटलं. म्हटलं, सुटलो." मग थोड्या वेळाने, कोड्याकडे बघत, "आणि तुला माहीत नव्हतं असं मला वाटेल तरी कसं? मेण लावलं होतं की तिने त्याला. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी. मीच धरलं होतं तिला, वाकवत नव्हतं." तिने पायरीवरचा वाळका चिखल नखाने खरवडला. "दिसलं नाही होय तुला?" बाबांनी विचारलं. त्यांच्या विचारण्यात काही खोच नव्हती, मीटरचा आकडा पुसट असला तर विचारावं तसं ते विचारत होते. "चिखल होता टोकाला," ती म्हणाली. "असेल," बाबा म्हणाले.

दालनाकडे जाताना ती चालतच निघाली. दोन थांब्यांचं अंतर होतं आणि तिला बसणं नको होतं. चिडचिड होत होती आणि ती कुणावर हे ठरत नव्हतं, म्हणून ती समोर येईल त्याच्यावर होत होती: फुटपाथवर उभ्या केलेल्या दुचाक्या, फोनकडे बघत चालणारी माणसं, औषधाच्या दुकानाबाहेर उगाच हलत असलेली पाटी. आणि सगळ्यात जास्त आईवर. नऊ वर्षं. नऊ वर्षांत एकदा तोंड उघडून सांगता आलं नाही, की बाई गं, पन्हळीचं भोक मी मुद्दाम ठेवलंय. ती दर आठवड्याला त्या घरी जात होती, त्या तुळईवर चहाचा कप ठेवत होती. आईला काही विचारलं की उत्तर ठरलेलं, "कळेल तुला." कसं कळेल? कधी कळेल? माणसाला सांगितल्याशिवाय कसं कळणार, हा प्रश्नच आईला कधी पडला नाही, कारण लाकूड तिला न सांगता कळत होतं. चौदाव्या वर्षी पहिली बैठक करून दाखवली तेव्हा आईने ती हातात घेऊन चारी बाजूंनी पाहिली आणि म्हणाली, "चांगली आहे, पण दिसते. चांगली बैठक दिसत नाही." पुढची वीस वर्षं ती न दिसणाऱ्या बैठका करायला शिकली आणि इतकी शिकली की खरोखरच कुणाला दिसली नाही. तिचं स्वतःचं काम पत्र्याचं होतं. रस्त्यावर पडलेल्या शेंगा, बोंडं, वाऱ्यावर उडणाऱ्या पंखांच्या बिया गोळा करायच्या आणि टाकलेल्या डब्यांच्या पत्र्यातून त्या घडवायच्या, शंभरपट मोठ्या, आतल्या पातळ पडद्यांसकट. वाईट नव्हत्या. लोक त्या दिव्यावर लावायला घेऊन जात. "तुमच्या आईंसारखं नाही, पण छान आहे हं," असं एक जण म्हणाला होता, आणि तो मनापासून म्हणाला होता हेच वाईट होतं.

दवाखान्यात तिने एक मोठी शेंग नेऊन आईच्या खिडकीत टांगली होती. पत्र्याची, दोन हात लांब, आत नऊ-दहा सुट्या बिया. आई बराच वेळ तिच्याकडे बघत पडून असायची. ती वाट बघायची. आज म्हणेल, उद्या म्हणेल. तिने धीर करून विचारलंही होतं, की बरी झालीस की आपण दोघी मिळून एक प्रदर्शन करू या का, तुझं लाकूड, माझा पत्रा. आईने डोळे मिटले होते आणि मग म्हणाली होती, "वाऱ्याने वाजते ती." एवढंच. वाजते हे चांगलं की वाईट, ते नाही. नर्स आली, सलाइनची बाटली बदलून गेली. आईने हात पुढे करून तिची बोटं धरली, पत्र्याने कापलेली, पट्ट्या लावलेली, आणि म्हणाली, "तुझ्यासारखी बैठक कुणी करत नाही." ते प्रेमाने म्हटलेलं होतं. त्यात शंका नव्हती. आईच्या हातात तेव्हा जोर राहिला नव्हता तरी तिने बोटं घट्ट धरली होती. आणि तिला त्या क्षणी उठून खिडकीतली शेंग ओढून काढावी, पायाखाली चेपावी असं वाटलं होतं. तिने उठून पडदा सारखा केला. चार दिवसांनी आई गेली. शेंग आणायची राहिली. ती अजून त्या खिडकीत वाजत असेल किंवा कुणी केरात टाकली असेल.

दालन थंड होतं आणि नव्या रंगाचा वास येत होता. बाई शिडीवर उभ्या असलेल्या माणसाला दिवा जरा डावीकडे, जरा अजून, बास, बास, असं सांगत होत्या. आईची दहा कामं उभी होती. ती आत शिरली आणि थबकली, कारण नजर कामांकडे गेलीच नाही. नजर खाली गेली. दहा बैठका. एकाच लाकडाच्या, एकाच उंचीच्या, करड्या रंगाच्या, कडा इतक्या हलक्या हाताने मोडलेल्या की वरचं काम तिथून उगवल्यासारखं वाटावं. आयुष्यात केलेल्या सगळ्यात चांगल्या बैठका. प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंना, जिथे करवत चालली होती तिथे, लाकडाच्या रेषा एकाएकी तुटत होत्या, आणि आता तिला त्या तुटलेल्या रेषांच्या पुढचं, नसलेलं, दिसत होतं. एका बैठकीपासून दुसरीपर्यंत, हवेत, एकेक खळगा. आईने ज्याला हात लावला नव्हता, पावसाने ज्याला हात लावला नव्हता, तेवढंच काय ते तिने ठेवलं होतं. "काय सुंदर दिसतंय ना?" बाई शेजारी येऊन म्हणाल्या. "निसर्गाशी संवाद म्हणतात तो हा. बरं, अकरावं कधी पोचतंय? टेम्पो पाठवू?" "ते आलंय," ती म्हणाली. "दहाच्या दहांच्या खाली आहे."

बाईंना दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगून झाल्यावर त्या खुर्ची ओढून बसल्या आणि शिडीवरच्या माणसाला म्हणाल्या, "तू जरा चहा पिऊन ये बाबा."  त्या तीस वर्षं हे दालन चालवत होत्या; तो दाराबाहेर पडताच त्यांनी विचारलं, "आणि ते खळगे?" "जाळले." "सगळे?" "सगळे." "अरे देवा." त्यांनी कपाळाला हात लावला, आणि तो तसाच असताना बोटांच्या फटीतून त्या बैठकांकडे बघू लागल्या. तिला ते बघणं ओळखीचं होतं. आई अडगळीकडे तशी बघायची. "ऐक," बाई हळूहळू म्हणाल्या. "एक म्हणजे, वाहतुकीत गहाळ झालं असं सांगता येईल." "टेम्पोवाल्याने प्रत्येक काम मांडीवर बाळ घेतल्यासारखं आणलंय. तो काय म्हणेल?" "तेही खरंच. मग दुसरं ऐक, आणि लगेच नाही म्हणू नकोस. आईने लाकूड नऊ वर्षं पावसाला दिलं. लेकीने त्यातून हे घडवलं. आईची कामं आईच्याच अपुऱ्या कामावर उभी आहेत, लेकीच्या हातून. अगं, हे अकरावं काम आहे! ह्या बैठकाच. पुस्तिकेत एक चिठ्ठी घालू. 'आधार' असं काहीतरी नाव देऊ. आणि खाली दोघींची नावं. आई आणि लेक." त्या आता उठून उभ्या राहिल्या होत्या. "तुला माहितेय, लोक रडतील. आणि तुझी ती पत्र्याची बोंडं आहेत ना, ती पुढच्या वर्षी आपण लावू. खरंच. मी किती दिवस म्हणतेय."

त्या किती दिवस म्हणत नव्हत्या. आज पहिल्यांदा म्हणत होत्या. पण ती गोष्ट तिने मनात बाजूला सारली. आई आणि लेक. दोघींची नावं, एकाखाली एक, छापलेली. हेच तर तिने दवाखान्यात मागितलं होतं आणि मिळालं नव्हतं. ते आता इथे, फुकट, हातावर ठेवलं जात होतं, फक्त हो म्हणायचं होतं. आणि बाई खोटं तरी काय बोलत होत्या? लाकूड तेच होतं. हात तिचाच होता. तिला माहीत नव्हतं, एवढं एक गृहीत धरलं की बाकी सगळं खरं ठरत होतं. न कळता लेकीच्या हातून घडलं. त्या दोन शब्दांवर सगळं उभं होतं. न कळता. तिने झोळीत हात घातला. निघताना एप्रनच्या खिशातला तो लाकडाचा तुकडा तिने झोळीत टाकला होता. तो बोटांना लागला, काडेपेटीएवढा, एका बाजूला गुळगुळीत.

चिखल होता हे खरं होतं. तुळईच्या टोकाला बोटभर जाड चिखल वाळला होता आणि तो काढायला तिने तारेचा ब्रश घेतला. चार-पाच हात मारल्यावर ब्रशच्या तारांत काहीतरी पिवळट, चिकट अडकलं. राळ, ती स्वतःशी म्हणाली. शंभर वर्षांच्या सुक्या लाकडातून राळ येत नाही, हे तिला चौदाव्या वर्षापासून माहीत होतं. तिने तारा नाकाशी नेल्या. मधाचा वास. मग ती खाली बसली आणि उरलेला चिखल ब्रशने नाही, ओल्या फडक्याने, हळूहळू पुसला, आणि तिथे ते होतं, रुपयाएवढं मेण आणि त्यात आईचा अंगठा, एकेक रेघ मोजता येईल असा. ती त्याच्यासमोर किती वेळ बसली होती ते तिला सांगता आलं नसतं. आठवतं ते एवढंच की तिला रडू आलं नाही. तिला वाटलं, हेही. ह्या कुजक्या ओंडक्यालाही. पावसाने भोकं पाडलेल्या लाकडाला अंगठा मिळाला, आणि माझ्या वीस वर्षांच्या एका बैठकीला, एका शेंगेला नाही. ती उठली, पटाशी आणली, आणि मेण होतं तेवढा तुकडा जपून, कड न दुखवता, सोलून काढला. खिशात टाकला. मेण नाही ते सगळं लाकूड, कुणीही घ्यावं. मग तिने करवत उचलली.  पहिल्या कापाची रेष अगदी सरळ गेली.

तिने तुकडा झोळीतून काढून तळहातावर घेतला. दालनातल्या दिव्यांचा उजेड वरून पडत होता, प्रदर्शनातल्या कामांवर पडतो तसा, आणि त्या उजेडात तिने चार महिन्यांत पहिल्यांदा तो नीट पाहिला. एरवी खिशातच असायचा, अंधारात, अंगठ्याखाली. पत्रा कापताना, बसमध्ये, झोप येत नसताना ती त्यावर अंगठा फिरवत आली होती. मेण उबेने मऊ पडत आलं होतं. आईच्या रेघा नव्हत्या. एकही नव्हती. होता तो एक उथळ, चकचकीत खळगा, तिच्या स्वतःच्या अंगठ्याच्या मापाचा, आणि त्यावर आडवी एक बारीक चीर: पत्र्याने कापलेल्या तिच्या अंगठ्यावर आहे तशी.

"काय आहे ते?" बाईंनी मान पुढे केली. "काही नाही," ती म्हणाली आणि मूठ मिटली. "कार्ड लिहिताय ना? अकरा नंबरचं कार्ड लिहा." बाईंनी लगबगीने टेबलावरून कोरं कार्ड आणि पेन घेतलं. "सांग. 'आधार'?" "नाव नाही. आईने दिलेलं नाही. तिचंच लिहा, लाकूड आणि पाणी, नऊ वर्षं." बाईंनी लिहिलं. "पुढे?" "मुलीने कापलं." पेन थांबलं. बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "आणि तुझं नाव?" "नको." "आणि त्या पंधरा फुटांत काय ठेवू मी?" "काही नाही. कार्ड लावा फक्त." "अगं, लोक विचारतील. वेड्यासारखं दिसेल." "विचारतील तेव्हा मी असेन इथे."  एक सुस्कारा सोडून बाईंनी मुंग्यांच्या रांगेहून पुष्कळ सुबक अशा आपल्या अक्षरात शेवटचे शब्द लिहिले, कार्ड लांब धरून वाचलं, आणि त्यांना दया आली असावी, कारण त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "हे फार रोखठोक वाटतंय गं. आधी 'चुकून' घालू का? 'मुलीने चुकून कापलं.' जागा आहे." चहा पिऊन आलेला माणूस दारात थांबला होता, आत येऊ की नको असा. तिच्या मुठीतलं मेण गरम झालं होतं.

"नको," ती म्हणाली. "चुकून नको."